ऊन पाणी, विसण आणि तोंडावरची लाली



आज एका जुन्या शब्दापासून सुरुवात करूया. विसण. आपल्याकडं कुणी विसण म्हणतं, कुणी इसण. बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, की अंगावर घेण्याआधी त्यात जे गार पाणी घालतो, ते विसण. पाणी तेच, आडातलं नाहीतर नळाचं. पण कढत पाण्यात पडलं की त्याला वेगळं नाव मिळतं. आपल्या आज्या-पणज्यांना त्याला नाव द्यावंसं वाटलं, कारण कढत पाणी आणि अंगाला सोसेल असं पाणी यांतला फरक त्यांच्या रोजच्या कामाचा होता. लेकराला न्हाऊ घालताना विसण कमी पडलं तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नव्हतं.

हा विषय आज काढायचं कारण सांगते. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून पार्लर सुरू केलंय. काही जणी बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला जातात, त्यावर त्यांचं घर चालतं. ही दोन्ही कामं उष्णतेची आहेत. एकीच्या हातात वाफेचं मशीन, दुसरीच्या हातात तेलाची वाटी आणि शेगडी. बैठकीत या मैत्रिणी विचारतात, "ताई, वाफ दिल्यावर तोंड उजळतं, ते खरं उजळतं का? वाफ किती वेळ द्यायची? बर्फ लावायचा तर कसा?" प्रश्न साधे वाटतात, पण त्यांचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. तो कळला की उत्तरं आपोआप सापडतात.

आधी आपल्याकडचं पाहू. चरकसंहिता हा आयुर्वेदाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात शेक देण्यावर एक अख्खा अध्याय आहे. शेकाला तिथं स्वेद म्हटलंय आणि त्याचे तेरा प्रकार सांगितलेत. औषधाच्या गरम पुरचुंडीनं शेकणं, नळीतून वाफ सोडणं, ऊन काढ्याची धार धरणं, काढ्यात बसवणं, तापवलेल्या दगडी शिळेवर निजवणं, लहानशा कुटीत बसवून घाम काढणं. आज शहरातल्या मोठ्या स्पामध्ये गरम दगड पाठीवर ठेवायचे हजारो रुपये घेतात. शिळेवर निजवण्याची कल्पना काही नवी नाही.

पण मला प्रकारांपेक्षा त्या अध्यायातले नियम महत्त्वाचे वाटतात. पहिला नियम, आधी तेल आणि मग शेक. कोरड्या अंगाला शेक द्यायचा नाही. दुसरा, डोळ्यांना शेक शक्यतो द्यायचाच नाही. द्यायची वेळ आली तर अगदी सौम्य, आणि डोळे स्वच्छ कापडानं, कणकेच्या गोळ्यानं किंवा कमळाच्या पाकळ्यांनी झाकून. पार्लरमध्ये वाफ देताना डोळ्यांवर ओला कापूस ठेवतात ना, त्याची ही पणजी. तिसरा नियम, थांबायचं कधी. थंडी आणि दुखणं गेलं, अंग मऊ पडलं, घाम आला, की थांबायचं. त्यापुढं शेकत राहिलं तर अपाय होतो. आणि चौथा नियम, कुणाला शेक द्यायचा नाही. त्या यादीत गरोदर बाई आहे, अंगातून रक्त जाणारा रुग्ण आहे, आणि मधुमेह असलेला माणूसही आहे. मधुमेहाकडं मी शेवटी परत येणार आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आणखी एक बारकावा आहे. कमरेखालच्या अंगावर ऊन पाणी घेतलं तर ताकद येते, पण तेच डोक्यावर ओतलं तर केसांना आणि डोळ्यांना वाईट. म्हणजे एकच पाणी सगळ्या अंगाला सारखं नसतं, हे तेव्हाही माहीत होतं.

आता आपल्या मुलखात या. बाराव्या शतकात कोल्हापूरवर शिलाहारांचं राज्य होतं आणि ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. त्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमारास मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला. राजानं कसं खावं, काय ल्यावं, कसं खेळावं, सगळं त्यात आहे. स्नानाचाही भाग आहे, त्यात सुगंधी तेल आहे, उटणं आहे. पण ते तेल चोळणाऱ्या हातांचं नाव ग्रंथात नाही. गावात मालीश न्हावी करायचा, बाळंतिणीला सुईण न्हाऊ घालायची. पाणी किती ऊन हवं, हात कुठं जोरात फिरवायचा आणि कुठं हलका, ही विद्या त्यांच्याकडं होती. ती कधी कागदावर आली नाही. सासूच्या हातातून सुनेच्या हातात गेली.

दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून कढत पाण्यानं अंघोळ करायची रीत आपण आजही पाळतो. ती येते थंडीच्या तोंडावर, अंगाची कातडी फुटायला लागते तेव्हा. आणि कोल्हापूर म्हटलं की तालीम आलीच. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. तालमीतले वस्ताद पोरांना बजावतात की जोर-बैठका मारून आल्या-आल्या अंगावर गार पाणी घ्यायचं नाही. अंग निवलं पाहिजे, मग अंघोळ. "अंग निवणं" हाही विसणासारखाच आपला शब्द. तापलेलं एकदम गार करायचं नाही, हळूहळू येऊ द्यायचं, एवढं सगळं त्या दोन शब्दांत मावलंय.

आता प्रश्न असा, की ऊन पाण्यानं अंगाला बरं का वाटतं? कातडी लाल का होते? याचं उत्तर आपल्याकडच्या ग्रंथांनी वात-कफाच्या भाषेत दिलं. कातडीखाली प्रत्यक्ष काय चालतं, ते कळायला १८५१ साल उजाडावं लागलं.

फ्रान्समध्ये क्लोद बर्नार नावाचा शास्त्रज्ञ होता. त्यानं सशाच्या मानेतली एक बारीक नस कापली. रक्ताची नव्हे, मेंदूकडून निरोप नेणारी मज्जातंतूची नस. सशाचा कान पातळ, उजेडात धरला तर आतल्या रक्तवाहिन्या दिसतात. नस कापल्यावर त्या बाजूच्या कानातल्या रक्तवाहिन्या फुगल्या आणि कान हाताला चांगला गरम लागायला लागला. पुढच्या वर्षी, १८५२ मध्ये, ब्राऊन-सेकार या दुसऱ्या शास्त्रज्ञानं तीच नस विजेनं चेतवली, तर वाहिन्या आवळल्या आणि कान गार पडला. कातडीतल्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नाहीत, त्या आवळतात आणि सैल होतात, आणि त्यांना तसा हुकूम जातो, हे तेव्हा कळलं.

उसाला पाणी पाजणाऱ्या बाईला हे पटकन समजेल. मोटार चालू आहे, पाट भरून वाहतोय. कुठल्या सरीला किती पाणी द्यायचं ते दारं धरणारा ठरवतो. एक दारं मोडलं की पाणी इकडं, बुजवलं की तिकडं. आपलं हृदय ही मोटार, रक्तवाहिन्या हे पाट. अंग तापलं की शरीर कातडीकडची दारं मोडतं, रक्त बाहेरच्या बाजूला येतं आणि आतली उष्णता बाहेर टाकतं. थंडी वाजली की दारं बुजवतं, उष्णता आत राखतं. म्हणून थंडीत हातपाय गार आणि फिकट पडतात.

हे पाणी किती, तेही पुढं मोजलं गेलं. आपण निवांत बसलेलो असताना सगळ्या कातडीला मिळून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त जातं. हृदय एकूण पाचेक लिटर ढकलत असतं. पण अंग फारच तापलं, तर एकट्या कातडीकडं मिनिटाला सहा ते आठ लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं. म्हणजे मोटारीला जवळजवळ दुप्पट चालावं लागतं. आणि तेवढं करूनही कधी शेवटच्या सरीला पाणी कमी पडतं. ती सरी म्हणजे मेंदू. फार वेळ वाफ घेऊन किंवा कढत पाण्यानं न्हाऊन एकदम उठलेल्या बाईच्या डोळ्यापुढं अंधारी येते, ती यामुळं. ओली बाळंतीण आधीच अशक्त, रक्त गेलेलं. तिला न्हाणीतून उठवताना धरून उठवायचं, ही सुईणीची सवय किती शहाणपणाची होती बघा.

या सगळ्यातून पार्लरसाठी काय निघतं? वाफेनंतर तोंडावर येणारा तजेला खरा आहे. तिथं रक्त जास्त आलंय, कातडी ओलसर आणि मऊ झालीय, म्हणून ती टवटवीत दिसते. पण शरीरानं ते सौंदर्यासाठी केलेलं नाही, अंग गार करण्यासाठी केलंय. काम झालं की दारं पुन्हा बुजतात आणि थोड्या वेळानं तोंड पहिल्यासारखं होतं. त्यात रंग बदलत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला "गोरी करून देते" असं सांगू नका. "तेज येईल, बरं वाटेल, आणि ते काही वेळ टिकेल," एवढं सांगा. खरं सांगणारीकडं बायका परत येतात.

दुसरं, वाफेनं कातडीची भोकं दारासारखी उघडतात आणि बर्फानं मिटतात, असं सांगितलं जातं. त्या भोकांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. वाफेनं वरची कातडी आणि आतला तेलकट मळ मऊ होतो, म्हणून तो सहज निघतो, इतकंच. घामावाटे विष बाहेर पडतं, हेही तसंच. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ.

तिसरं, ऊन आणि ओली झालेली कातडी वर लावलेलं जास्त शोषून घेते. तेल मुरतं ते चांगलंच. पण त्याच वेळी ब्लीच किंवा कसलं तिखट रसायन लावलं, तर तेही जास्त आत जातं आणि आग होते. म्हणून वाफ दिल्यावर लगेच ब्लीच नको.

बर्फाचीही गोष्ट ऐका. १९३० मध्ये इंग्लंडात थॉमस लुइस या डॉक्टरनं बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि त्यांचं तापमान मोजत बसला. आधी बोटं गार पडली, वाहिन्या आवळल्या. पण पाच-दहा मिनिटांनी आपोआप वाहिन्या सैल झाल्या, बोटं थोडी तापली, पुन्हा गार झाली, पुन्हा तापली. शरीर जणू गारठ्यात आपली बोटं मरू नयेत म्हणून मधूनमधून ऊन रक्त पाठवत होतं. म्हणजे बर्फानं येणारी लालीही रक्ताचीच. पण शरीर स्वतःला वाचवत असताना आपण त्याची परीक्षा कशाला पाहायची? बर्फ कापडात गुंडाळून, फिरवत, थोडाच वेळ लावायचा. आणि वाफेतून काढलेल्या तोंडाला लगेच बर्फ नको, आधी साध्या पाण्याचा ओला रुमाल. तोंडालासुद्धा विसण लागतंच की.

आता मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटणारी गोष्ट सांगते. पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात की कातडी लाल झाली की थांबा. ही पुस्तकं गोऱ्या कातडीकडं पाहून लिहिलेली आहेत. आपल्या सावळ्या, गव्हाळ अंगावर लाली उशिरा दिसते, काही जणींच्या अंगावर दिसतच नाही. ती दिसेपर्यंत वाट पाहिली तर चटका बसून गेलेला असतो. म्हणून आपल्याला डोळ्यावर विसंबून चालत नाही. हाताची मागची बाजू तिच्या गालाजवळ धरून बघायची आणि तिला विचारत राहायचं, "कसं वाटतंय? पोळतंय का?" आणि "सोस जरा, मग छान दिसशील" हे वाक्य आपल्या तोंडून कधी यायला नको.

चटका बसायला किती वेळ लागतो, हे अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या दोघांनी १९४७ मध्ये मांडलं. कातडीला ४४ अंश सेल्सिअस उष्णता सलग लागली तर भाजायला सुमारे सहा तास लागतात. तिथून ५१ अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. ६० अंशांचं पाणी असेल तर पाचेक सेकंद पुरतात. यातून एक धडा मिळतो. जे आत्ता नुसतं ऊन वाटतंय, तेही फार वेळ एकाच जागी राहिलं तर भाजतं. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी फोड आलेला दिसतो, तो असा. आणि वाफ तर पाण्याहून वाईट, कारण एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता सुटते, ती सगळी कातडीत जाते.

फोड न येताही उष्णता खूण ठेवते. शेगडीजवळ किंवा चुलीजवळ वर्षानुवर्षं बसणाऱ्या बाईच्या नडग्यांवर जाळीसारखे काळसर डाग पडलेले तुम्ही पाहिले असतील. तो मळ नव्हे, घासून जात नाही. काश्मीरमध्ये लोक थंडीत निखाऱ्यांची कांगडी फेरनाच्या आत पोटाशी धरतात. तिथं एल्मस्ली नावाच्या डॉक्टरनं १८६६ मध्येच लिहून ठेवलं, की अशा भाजलेल्या जागी पुढं कर्करोग होतो. जाळीच्या डागावर गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवायचं. चेहऱ्यावरच्या वांगालाही उष्णता मानवत नाही. दिवसभर चुलीपुढं असणाऱ्या आणि वांग असलेल्या बाईला वाफेचं फेशियल देऊ नका, तिला त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि आता मधुमेह. चरकानं त्या माणसाला शेक नको म्हटलं, त्यामागं त्याची कारणं त्याच्या शास्त्रातली होती. आजचं कारण आपल्याला ठाऊक आहे. साखरेच्या आजारात पायाच्या नसा बधिर होतात, चटका कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्यानं जखम भरत नाही. पेडिक्युअरला आलेल्या प्रत्येक बाईला आधी विचारा, "शुगर आहे का?" असेल तर ऊन पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. तसंच सिझेरियनचं. टाक्यांच्या आसपासची कातडी कित्येक महिने बधिर असू शकते. तिथं निखाऱ्यांचा शेक किंवा गरम वीट लावली तर बाळंतिणीला भाजलेलं कळणारच नाही. आमच्या फिरतीत अशी एक पोर मी पाहिली. फोड फुटला तेव्हा घरच्यांना कळलं. शेक देणारी बाई अनुभवी होती, मायेची होती. पण तिनं जेवढ्या बाळंतिणी शेकल्या होत्या, त्यांना चटका कळत होता. या पोरीला कळत नव्हता. काळ बदलला, बाळंतपण बदललं, तर शेकाचा नियमही बदलायला हवा.

न्हाऊ घालणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं आणखी. तुमचा हात रोज चुलीशी, भाकरीशी. तो तव्याला सरावलेला. तुम्हाला कोमट लागतं ते बाळाला कढत असतं. म्हणून पाणी कोपरानं किंवा मनगटाच्या आतल्या बाजूनं बघा. बादलीत आधी गार पाणी ओता, मग ऊन मिसळा, म्हणजे चुकून कुणाचा हात गेला तरी भाजणार नाही. गीझर आल्यापासून बंब गेला आणि विसण घालायची सवयही कमी झाली, तेव्हा इथं जपा. बाळाला शेगडीवर धरू नका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बाळंतिणीला ऊब हवी तर खोली वाऱ्यापासून राखा, पण एक झरोका उघडा ठेवा.

पार्लरवाल्यांसाठी: मशीनमध्ये खुणेच्या वर पाणी भरू नका, कढत थेंब उडतात. मशीन तोंडापासून हातभर लांब. पाच ते दहा मिनिटं पुरे. डोळ्यांवर ओला कापूस. वाफ चालू असताना गिऱ्हाइकाला सोडून फोनवर बोलायला बाहेर जायचं नाही. झाल्यावर तिला दोन मिनिटं बसू द्या, पाणी द्या, मग उठवा. गरोदर बाई, रक्तदाबाची किंवा हृदयाची रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफ नाही. हे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येकीला विचारा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आपण सगळ्या मिळून बघू.

सशाच्या कानापासून सुरू झालेलं शास्त्र आणि आपल्या न्हाणीतलं शहाणपण, दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी येतात. ऊब हवी, बेतानं हवी, आणि जिच्या अंगाला लावायची तिला विचारून हवी.

बरंय मैत्रिणींनो, आज एवढंच. काळजी घ्या. नमस्कार.